मुक्तीच्या क्षेत्राची हद्द

वारागुङ मुक्तिक्षेत्र ही नेपाळच्या गंडकी प्रदेशातल्या मुस्तांग जिल्ह्याची एक गाउँपालिका. मराठी वाचकाला या शब्दावरून ग्रामपंचायत आठवेल, पण गाउँपालिकेचा पसारा ग्रामपंचायतीहून खूप मोठा असतो. तिच्यात अनेक गावे येतात, तिची स्वतःची सभा असते, ती कायदे करते, कर बसवते आणि ठरावीक तंट्यांचा निवाडाही करते. वारागुङ मुक्तिक्षेत्राचे क्षेत्रफळ सुमारे ८८६ चौरस किलोमीटर आहे, म्हणजे बृहन्मुंबईहून मोठे. लोकसंख्या मात्र अडीच हजारांच्या आसपास. मुंबईतल्या एखाद्या गृहसंकुलात सहज मावेल इतकी. एवढ्या मुलखाचे पाच 'वडा', म्हणजे प्रभाग, पाडलेले आहेत. आणि या संस्थेच्या नावातच मुक्ती आहे. ज्या नावाने रहिवासाचा दाखला मिळतो आणि कराची पावती फाटते त्याच नावात मोक्ष बसवलेला असावा, याची प्रथम गंमत वाटते. पण तिच्या पोटात एक जुना आणि अवघड प्रश्न आहे. मुक्ती म्हणजे सगळ्या हद्दींपलीकडे जाणे असेल, तर मुक्तीचे क्षेत्र आखता कसे येते? पावित्र्य जागेत असते की जागेकडे पाहणाऱ्यात? आणि जागेत असेल, तर त्या जागेचा धनी कोण?

हा मुलूख हिमालयाच्या पाठीमागचा आहे. दक्षिणेकडून येणारे पावसाळी ढग अन्नपूर्णा (८,०९१ मीटर) आणि धौलागिरी (८,१६७ मीटर) या पर्वतांना अडतात आणि त्यांच्या उत्तरेला पर्जन्यछायेचा कोरडा, करडा-पिवळा प्रदेश सुरू होतो. दोन पर्वतांच्या मधून काली गंडकी वाहते. तिची घळ जगातल्या सर्वांत खोल घळींत गणली जाते. सकाळ सरत आली की या घळीतून दक्षिणेचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत धूळ आणि वाळू उडवत राहतो. त्यामुळे पोखऱ्याहून जोमसोमला येणारी छोटी विमाने सकाळच्या शांत वेळातच ये-जा उरकतात. जोमसोम हे जिल्ह्याचे ठाणे; ते शेजारच्या घरपझोङ गाउँपालिकेत पडते. तिथून नदीच्या रुंद, दगडगोट्यांच्या पात्राच्या कडेने उत्तरेला गेले की सुमारे २,८०० मीटर उंचीवर कागबेनी लागते. कागबेनीहून पूर्वेला झोङ खोला या लहान नदीच्या दरीने चढत जावे तर झारकोट, मग राणीपौवा आणि शेवटी, ३,७०० मीटरहूनही वर, मुक्तिनाथ. त्याच्या माथ्यावर ५,४१६ मीटरची थोरोङ ला खिंड असून तिच्या पलीकडे मनाङ जिल्हा आहे. कागबेनीच्या उत्तरेची ताङबे, छुसाङ, चैले, 'ते' (तेताङ) ही गावेही याच पालिकेत मोडतात.

अशा मुलखात पाणी पोहोचते तिथेच हिरवळ असते. विमानातून पाहिले तर राखाडी उतारावर गावांचे हिरवे तुकडे ठिगळांसारखे दिसतात, आणि प्रत्येक ठिगळाची कड अगदी सरळ असते, कारण ती पाटाची कड असते. पाटाच्या खालच्या अंगाला जव, फापर (आपला कुट्टू) आणि अलीकडच्या काळात सफरचंदाच्या बागा. वरच्या अंगाला धोंडे. एक हातभर रुंदीच्या पाटाने शेत आणि ओसाडी वेगळी होते. मराठीतला 'शेत' हा शब्द संस्कृत 'क्षेत्र' या शब्दापासूनच आला आहे. तीर्थक्षेत्रातले क्षेत्र आणि नांगरायचे शेत हे मुळात एकच, ही गोष्ट मराठी माणूस रोजच्या वापरात विसरून गेलेला असतो. मुक्तिक्षेत्रात ती विसरणे कठीण जाते.

गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीराला क्षेत्र म्हटले आहे आणि ते जाणणाऱ्याला क्षेत्रज्ञ. ज्ञानेश्वरांनी या जागी जो विस्तार केला आहे तो जमीनमहसुलाच्या वादासारखा वाचता येतो. हे शेत कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न टाकून ते एकेका पक्षाला बोलते करतात. जीववादी म्हणतात, शेत जीवाचे. प्राण त्याचा कुळवाडी, त्याचे चार भाऊ राबणारे, इंद्रिये हे बैल आणि मन देखरेखीला. प्रकृतिवादी म्हणतात, जीव कसला धनी, तो तर वाटेवरचा पांथस्थ. जमीन प्रकृतीच्या घराण्याची. मग संकल्पवादी, स्वभाववादी, कालवादी आपापला हक्क सांगत येतात. कुळ, मालक, वहिवाटदार यांच्या भाषेत तत्त्वज्ञान मांडण्याची ही रीत तेराव्या शतकातल्या गोदाकाठच्या श्रोत्यांना लगेच कळली असणार. या दाव्यांत एक गोष्ट मात्र कोणीच नाकारत नाही. क्षेत्र म्हटले की त्याला मशागत आली, राबणारा आला आणि हक्काचा तंटाही आला.

मुक्तिनाथाचे देऊळ लहान आहे. पॅगोडा धाटणीचे, भोवती पिंपळवर्गी नव्हे तर पॉपलरची झाडी. या उंचीवर झाडांचा असा गर्द पुंजका हेच एक नवल. बौद्ध परंपरा सांगते की चौऱ्यांशी सिद्धांनी आपल्या काठ्या इथे रोवल्या आणि त्यांची ही झाडे झाली. देवळाच्या मागे अर्धवर्तुळाकार भिंत आहे आणि भिंतीत डोक्याहून जरा उंच १०८ तोट्या, गोमुखाच्या घडणीच्या. डोंगरातून येणारे झऱ्याचे पाणी त्यांतून अखंड पडते. यात्रेकरू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावतपळत प्रत्येक धारेखालून जातो. चालत जाणे शक्य नसते, कारण पाणी बर्फाचे सख्खे भावंड. पंधरा-वीस तोट्यांनंतर डोके बधिर होते, नामस्मरणाची जागा दातांच्या कडकडाटाने घेतलेली असते, आणि मग समोरच्या दोन कुंडांत बुडी मारायची असते. इकडे ओली धोतरे पिळली जात असताना तिकडे तेच पाणी भिंतीखालून निघून उताराला लागते. मोक्षासाठी अंगावर घेतलेले पाणी पुढे दरीत उतरते, आणि दरीतल्या शेतकऱ्याला त्यात मोक्ष दिसत नाही, पाण्याची पाळी दिसते.

देवळापासून थोड्या अंतरावर ज्वालामाईचे स्थान आहे. ते एका गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात आहे. गाभाऱ्यात वेदीखाली जाळी लावलेले कोनाडे. वाकून, जवळपास लोटांगण घालून डोळे लावले की आत बोटाएवढी निळसर ज्योत थरथरताना दिसते आणि कानाला पाण्याची झुळझुळ लागते. जमिनीतून निघणारा नैसर्गिक वायू जळतो आहे आणि शेजारून ओहोळ वाहतो आहे. कारण सांगून झाले तरी पाहणाऱ्याचे वाकणे काही कमी होत नाही.

हिंदू इथल्या मूर्तीला विष्णू म्हणतात. बौद्ध तिलाच चेनरेझिक, म्हणजे अवलोकितेश्वर म्हणून पूजतात. तिबेटी भाषेत ठिकाणाचे नाव छुमिक ग्यात्सा, शंभर झरे. गुरू पद्मसंभव तिबेटला जाताना इथे थांबले असे मानतात. पूजेअर्चेत पुजारी असतात, तशा झुमा म्हणजे बौद्ध भिक्षुणीही पिढ्यान्‌पिढ्या या स्थानाची सेवा करत आल्या आहेत. बाहेरून येणारे लेखक या गोष्टीला धार्मिक सलोख्याचे उदाहरण म्हणून घाईने गौरवतात. गौरवाला हरकत नाही, पण त्यात प्रश्न झाकला जातो. एकच मूर्ती दोन धर्मांत दोन वेगळ्या सत्ता असू शकते का? विष्णू सृष्टीचा पालक आहे; अवलोकितेश्वर करुणेचे रूप आहे आणि त्याच्या मागे सृष्टिकर्त्याची कल्पनाच नाही. दोघे एकच, असे म्हणावे तर दोन्ही दर्शनांना मुरड घालावी लागते. वेगळे, असे म्हणावे तर एका धातूच्या मूर्तीत ते शेजारी कसे राहतात हे सांगावे लागते. प्रत्यक्षात इथल्या लोकांनी हा प्रश्न सोडवलेला नाही आणि तो सोडवल्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही. दिवा कोणी लावायचा आणि तोट्यांतला गाळ कोणी काढायचा, एवढे मात्र ठरलेले असावे लागते.

मुक्तिक्षेत्र या नावावर सर्वांत कठोर आक्षेप आद्य शंकराचार्यांच्या बाजूने घेता येतो. ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्याच्या आरंभी, चौथ्या सूत्रावर लिहिताना, त्यांनी मोक्षाबद्दल चार गोष्टी नाकारल्या आहेत. मोक्ष उत्पन्न होत नाही, कशाचा विकार म्हणून घडत नाही, कुठे जाऊन मिळत नाही आणि संस्काराने सिद्ध होत नाही. तो स्वरूपच आहे. फक्त अज्ञान जायचे असते. हे मान्य केले तर विमान, जीप आणि पायऱ्या यांनी मुक्तीच्या एक वीतही जवळ जाता येत नाही. कोल्हापूरहून निघालेला यात्रेकरू मुक्तिनाथाला पोहोचतो तेव्हा त्याने अंतर कापलेले असते, एवढेच. महाराष्ट्रातल्या संतांनीही तीर्थाच्या दगडपाण्यावर कमी कोरडे ओढलेले नाहीत, आणि तरी पंढरीची वाट सोडली नाही.

उत्तर दक्षिणेकडून येते. तमिळ आळ्वार संतांनी गायिलेल्या १०८ दिव्यदेशांत या स्थानाची शालिग्राम म्हणून गणना आहे. तिरुमंगै आळ्वारांची पदे त्यावर आहेत. कावेरीकाठच्या संतांच्या यादीत हिमालयापलीकडची जागा यावी हे लक्षणीय आहेच, पण त्याहून लक्षणीय आहे ती यादी. तिच्यातली १०६ ठिकाणे पृथ्वीवर आहेत आणि उरलेली दोन म्हणजे क्षीरसागर व परमपद, अर्थात वैकुंठ. ज्या यादीत श्रीरंगम आहे, कांची आहे, त्याच यादीत वैकुंठाचीही एक नोंद. श्रीवैष्णव विचारात देवाचे सौलभ्य, म्हणजे सहज हाती लागणे, हा त्याचा मोठेपणा मानला जातो. जो सर्वत्र आहे तो माणसासाठी एका जागी येऊन राहतो, थंडीवारा सोसतो, पुजाऱ्याच्या वेळेला बांधून घेतो. या दृष्टीने पाहिले तर क्षेत्राला हद्द असणे हे उणेपण राहत नाही. हद्द स्वीकारण्यातच देवाची कृपा. शंकराचार्यांचा मुद्दा माणसाच्या बाजूने बरोबर आहे, माणूस चालून मुक्तीकडे जाऊ शकत नाही. श्रीवैष्णवांचे म्हणणे वाटेच्या दुसऱ्या टोकाबद्दल आहे.

या वादात शालिग्रामाची साक्ष काढली तर गुंता वाढतो. काली गंडकीच्या पात्रात मिळणारे हे काळे गोटे म्हणजे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म आहेत. भारतीय भूखंड आशियाला भिडण्यापूर्वी, सुमारे पंधरा कोटी वर्षांमागे, इथे टेथिस समुद्र होता. त्याचा गाळ उचलला जाऊन हिमालयाच्या या बाजूचे थर झाले आणि नदी आता ते उकरते आहे. शंखाकृती वळ्यांत भाविकाला सुदर्शन चक्र दिसते. वृंदेच्या शापाने विष्णू पाषाण झाला ही कथा मराठी घराला तुळशीच्या लग्नातून ठाऊक असते. शालिग्रामाला प्राणप्रतिष्ठा लागत नाही, हा शास्त्रातला नियम महत्त्वाचा आहे. मूर्तीत देव आणावा लागतो. शालिग्रामात तो असतोच. मग तो गोटा मुक्तिक्षेत्रातून उचलून साताऱ्याच्या एखाद्या देवघरात खंडोबाच्या टाकाशेजारी ठेवला तरी त्याचे देवपण जात नाही. तीर्थ जागेला चिकटलेले आणि शालिग्राम जागेतून निघून जाणारा, असा हा पेच आहे. २०२३ साली काली गंडकीच्या खालच्या टप्प्यातून, म्याग्दी जिल्ह्यातून, दोन मोठ्या शिळा मोठ्या मिरवणुकीने अयोध्येला नेल्या गेल्या. रामलल्लाची मूर्ती अखेर कर्नाटकच्या पाषाणात घडली.

त्यात कायद्याची आणखी एक नजर मिसळते. नेपाळमध्ये नदीपात्रातल्या दगड, खडी, वाळूवर शुल्क घेण्याचा अधिकार स्थानिक सरकारकडे आहे. एकाच पात्रातला एकच गोटा भूशास्त्रज्ञाला जीवाश्म, भक्ताला स्वयंभू विष्णू आणि हिशेबाच्या वहीत बांधकाम साहित्य ठरू शकतो. यातली कोणती ओळख खरी, असे विचारले तर अद्वैती लगेच व्यवहार आणि परमार्थ असे दोन स्तर करील. ती सोय चांगली आहे, पण नदीवर जेसीबी उभा असताना कोणता स्तर आधी, हे ठरवायला कोणाला तरी बसावे लागते.

आता माणसांकडे. बारा गावे या अर्थाचे 'बाह्रगाउँ' हे या भागाचे जुने नाव. पालिकेचेही सुरुवातीचे नाव त्यावरूनच होते. वसती फार जुनी आहे. मेब्राकच्या कड्यातल्या गुहांत १९९०च्या दशकात नेपाळी-जर्मन संशोधकांना दोन हजार वर्षांहून जुनी, सुकून टिकलेली मानवी शरीरे सापडली. कागबेनी तिबेटच्या मिठाच्या आणि दक्षिणेच्या धान्याच्या व्यापाराचे नाके होते. तिथला मठ १४२९ सालचा. आज बहुसंख्य लोक तिबेटी वळणाची बोली बोलतात. छुसाङ, चैले, ग्याकर, ताङबे, तेताङ या पाच गावांची सेके ही निराळीच भाषा आहे. तिचे बोलणारे जगभरात सातशेच्या घरात, आणि त्यांतले शंभराहून अधिक न्यूयॉर्कमध्ये राहतात. हिवाळ्यात घरेच्या घरे कुलूप लावून पोखरा, काठमांडू गाठतात. लोकरी कपड्यांच्या व्यापारासाठी भारताच्या मैदानी शहरांत उतरण्याची रीतही जुनी आहे. नेपाळची गेली जनगणना २०२१च्या नोव्हेंबरात झाली, म्हणजे या मुलखातून लोक खाली उतरण्याच्या सुमारास. संपूर्ण मुस्तांग जिल्ह्याची लोकसंख्या २०११ साली १३,४५२ होती, आणि त्यात दहा वर्षांत भर पडली ती जेमतेम हजाराची. चौरस किलोमीटरमागे तीन माणसे असा वारागुङचा हिशेब निघतो, तोही कागदावरचा.

इथे 'या क्षेत्राचा रहिवासी कोण' हा प्रश्न गणनेपुरता राहत नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये टॅक्सी चालवून गावच्या मठाला वर्गणी पाठवणारा छुसाङचा माणूस क्षेत्राचा आहे की बाहेरचा? राणीपौव्यात भाड्याच्या हॉटेलात सहा महिने राबणारा मैदानातला आचारी? वर्षातून एकदा येऊन तीन तास थांबणारा, पण घरी देवघरात इथला गोटा रोज न्हाऊ घालणारा यात्रेकरू? मतदारयादीचे उत्तर साफ असते आणि ते बरोबरही असते, कारण कोणाला तरी उत्तर द्यावेच लागते. ज्ञानेश्वरांच्या प्रकृतिवाद्याने जीवाला पांथस्थ म्हटले होते. मुक्तिक्षेत्रात पांथस्थ आणि कुळवाडी यांची अदलाबदल ऋतूप्रमाणे होते.

कारभाराची सध्याची चौकट नवी आहे. २०१५च्या संविधानाने नेपाळ संघराज्य झाले आणि १० मार्च २०१७ पासून जुन्या गाव विकास समित्या मोडून नवी स्थानिक सरकारे अमलात आली. त्यांची आजची संख्या ७५३ असून त्यांत ४६० गाउँपालिका आहेत. मुस्तांगला पाच आल्या. त्याआधी १९९७ नंतर तब्बल वीस वर्षे देशात गावपातळीवर निवडणूकच झाली नव्हती. गावाचा कारभार बदली होऊन आलेले कर्मचारी हाकत होते, आणि मुस्तांगसारख्या ठिकाणी तर त्यांचाही हिवाळा खालीच जाई. आता पाच वर्षांची मुदत असते. २०१७ आणि २०२२ मध्ये निवडणुका झाल्या. प्रत्येक वड्यात एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यांत दोन स्त्रिया आणि त्या दोघींतली एक दलित. पालिकेला अध्यक्ष व उपाध्यक्ष. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत स्थानिक सरकारचे २२ अधिकार मोजलेले आहेत: शाळा, प्राथमिक आरोग्य आणि स्वच्छता, गावरस्ते, पिण्याचे पाणी, लहान वीजप्रकल्प, मालमत्ता आणि जमिनीवरचे कर, पर्यटन शुल्क, स्थानिक नोंदी आणि अगदी शेवटी भाषा, संस्कृती व ललितकलांचे जतन.

उपाध्यक्षाच्या पदाला एक वेगळे वजन आहे. संविधानाने प्रत्येक पालिकेत न्यायिक समिती नेमली असून तिचे नेतृत्व उपाध्यक्षाकडे असते, आणि नेपाळात या पदावर स्त्रिया मोठ्या संख्येने निवडून आल्या आहेत. समितीच्या अधिकारातल्या वादांची यादी कायद्यात दिली आहे. तिच्या अगदी सुरुवातीला शेताचे बांध, पाट आणि पाणवठा यांची वाटणी येते. ज्या मुलखात पाटाची एक हात रुंद कड हीच जीवनाची सीमा, तिथे यादीचा हा क्रम शहाणपणाचा म्हटला पाहिजे.

पण या समितीच्या आधीही इथे निवाडे होत होते. चार्ल्स रॅम्बल या मानववंशशास्त्रज्ञाने बाह्रगाउँतल्या 'ते' या गावाचा अनेक वर्षे अभ्यास केला आणि २००८ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे म्हणणे असे की या गावात तिबेटी बौद्ध धर्म आहे, त्याच्याआधीच्या स्थानदेवता आहेत, आणि या दोहोंच्या सोबतीने गावकीचाच एक नागरी धर्म आहे. गावसभेचा नियम, स्थानदेवतेपुढची शपथ, दंड, पाळीचे काम या सगळ्यांतून गाव स्वतःलाच पवित्र मानते. लामा पुण्याची भाषा बोलतो, गावकी कर्तव्याची. दोन्ही भाषांचे नेहमी जुळतेच असे नाही, कारण बौद्ध शील प्राण्याची हत्या वर्ज्य मानते आणि जुन्या स्थानदेवता रक्त मागत आल्या. कागबेनीच्या वेशीवर मातीचे ओबडधोबड पुरुष आणि स्त्री राखणदार उभे आहेत, खेनी म्हणतात त्यांना. गावात येणारे भूतखेत ते खातात. आपल्याकडच्या वेशीवरच्या मारुतीला त्यांची ओळख पटवून द्यावी लागणार नाही. वेस पवित्र असते ती अशी. आत कोणाचे नियम चालतात हे ती सांगते. मग हद्द म्हणजे पावित्र्याचा संकोच, हे गृहीत इथल्या माणसाला मुळातच पटणारे नाही.

अधिकारांची दाटी मात्र आज जुन्या गावकीच्या कल्पनेपलीकडे गेली आहे. मुक्तिनाथ देवस्थानासाठी वेगळी विकास समिती आहे. सगळा परिसर अन्नपूर्णा संरक्षण क्षेत्रात येतो, म्हणजे ७,६२९ चौरस किलोमीटरचे नेपाळातले सर्वांत मोठे संरक्षित क्षेत्र. त्याची व्यवस्था निसर्ग संरक्षणाच्या राष्ट्रीय न्यासाकडे आहे. पुन्हा 'क्षेत्र' हाच शब्द. कागबेनीपासून उत्तरेला १९९२ साली परदेशी प्रवाशांसाठी उघडलेला, पण खास परवाना लागणारा अप्पर मुस्तांग सुरू होतो. त्यामुळे छुसाङला पालिकेच्या एका भागातून दुसऱ्या भागात जाताना परदेशी पाहुण्याला सरकारी नाक्यावर कागद दाखवावा लागतो. एकाच जमिनीवर पालिका, संरक्षण क्षेत्र, देवस्थान, गावकी आणि परवान्याची रेषा असे पाच नकाशे अंथरलेले आहेत आणि त्यांतला एकही दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही.

नेपाळचे संविधान देशाला धर्मनिरपेक्ष म्हणते, आणि लगेच स्पष्टीकरणात सांगते की धर्मनिरपेक्षतेत सनातन काळापासून चालत आलेल्या धर्म-संस्कृतीचे संरक्षण येते. या वाक्यावर नेपाळात बरेच वाद झाले. हिंदूंना झुकते माप आहे असे एका पक्षाला वाटते, तर धर्मनिरपेक्ष हा शब्दच नको असे दुसऱ्याला. संविधानाचे २६ वे कलम प्रत्येक संप्रदायाला आपली धर्मस्थळे चालवण्याचा व राखण्याचा हक्क देते. पण मुक्तिनाथासारख्या जागी 'प्रत्येक संप्रदायाची' स्थळे वेगळी काढून दाखवता येत नाहीत. एकाच मूर्तीवर दोन संप्रदायांचा हक्क असेल तर कायद्याच्या लेखी ती कोणाची? चालत आलेली वहिवाट, हेच उत्तर इथे अजून टिकून आहे. श्रावणी पौर्णिमेला, जनैपूर्णिमेच्या दिवशी, हिंदू यात्रेकरू जानवे बदलायला आणि स्नानाला येतात. त्याच सुमारास दरीतल्या गावांचा यार्तुङ भरतो आणि घोड्यांच्या शर्यती लागतात. दोन्ही गर्दींच्या पिण्याच्या पाण्याची, शौचालयांची आणि कचऱ्याची सोय कुठल्या धर्माची म्हणायची? संविधानाच्या यादीत स्वच्छता आणि संस्कृती यांच्यामध्ये बऱ्याच ओळी आहेत. जत्रेच्या दिवशी राणीपौव्यात एक फर्लांगही नसतो.

या मुलखाची नाजूक बाजू १३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी दिसली. वरच्या दरीत झालेल्या पावसाने झोङ खोलाला पूर आला आणि चिखलाचा लोंढा कागबेनीत शिरला. गावातली कित्येक घरे गेली आणि पूलही गेला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. पाऊस जवळजवळ नसतोच असे धरून बांधलेली सपाट, मातीच्या धाब्याची घरे आता पावसाचा विचार करून बांधावी लागत आहेत. ज्ञानेश्वरांच्या दावेदारांत शेवटी कालवादी उभा राहतो; त्याचे म्हणणे एवढेच की बाकीचे भांडत बसतात आणि शेत काळ खातो.

कागबेनीला झोङ खोला आणि काली गंडकी यांचा संगम आहे. नावातले 'बेनी' म्हणजे संगमच. मुक्तिनाथाला जाणारे हिंदू यात्रेकरू इथे पितरांचे श्राद्ध करतात. नदीकाठच्या गोट्यांवर पाट मांडून, वाऱ्याने पीठ उडू नये म्हणून पाठ आडवी धरून, पिंड दिले जातात. नाशिकच्या रामकुंडावर श्राद्ध केलेल्याला त्यातले बरेच ओळखीचे वाटते. हिंदू घरात मेलेल्या माणसाचे सुतक तेरा दिवस मोजतात. याच गावातल्या बौद्ध घरात मृत्यूनंतरचा मधला काळ एकोणपन्नास दिवसांचा धरतात, आणि तोवर लामाचे पठण चालते. आणि घर कोणत्याही धर्माचे असो, मृत्यूची नोंद पस्तीस दिवसांच्या आत वडा कार्यालयात करावी लागते. तिथल्या रकान्यांत मृताचे नाव, वय, पत्ता आणि वडा क्रमांक लिहितात, आणि खाली शिक्का बसतो तो वारागुङ मुक्तिक्षेत्र गाउँपालिकेचा.